१८ हजार रुपये, रोजचं उद्यमबाग आणि रविवारचा राजहंसगड

प्रश्न : मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतो. रोज जाऊन-येऊन १२-१४ किलोमीटर होतात. रविवारी राजहंसगड, कधी राकसकोपकडचे कच्चे रस्ते आणि पुढेमागे जांबोटीपर्यंत जायचा विचार आहे. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६८ किलो. बजेट १८ हजार, त्यावर एक रुपया नाही. एका दुकानदाराने दोन्हीकडे सस्पेन्शन, जाड टायर, डिस्क ब्रेक, २१ गिअरची सायकल दाखवली आणि म्हणाला, "घ्या की वो, या किमतीत एवढं कुठं मिळणार नाही." मित्र त्याची तीन वर्षं वापरलेली सायकल ९ हजारांत देतोय. काय करू?

उत्तर : दुकानात दाखवलेली ती सायकल घेऊ नका. १४-१५ हजारांत मागेपुढे सस्पेन्शन द्यायचं म्हणजे पैसे कुठूनतरी काढावे लागतात, आणि ते चाकं, हब (चाकाचा एक्सलभोवतीचा मधला भाग), ब्रेक आणि गिअर यांतूनच काढलेले असतात. मागची स्प्रिंग प्रत्येक पायडलला खाली-वर होते, त्यामुळे राजहंसगडाच्या चढावर तुमचा जोर पुढे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. तिच्या सांध्यातले बुश वर्षभरात सैल होतात आणि मागचं चाक डावी-उजवीकडे हलायला लागतं. जाड टायरसकट अशी सायकल १७-१८ किलोंची होते. चांगली साधी एमटीबी, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची माउंटन बाइक, १४-१५ किलोंची असते.

तुमच्या बजेटात चांगलं काय, हे ठरवायला क्रम असा ठेवा : आधी माप, मग चाकं आणि हब, मग सगळ्यात हलका गिअर, मग ब्रेक. पुढचं सस्पेन्शन सगळ्यात शेवटी. रंग आणि स्टिकर पाहूच नका.

त्याआधी पैशाची वाटणी. अख्खे १८ हजार सायकलवर घालू नका. सायकल १४,५००पर्यंत, हेल्मेट ११००, पुढचा-मागचा दिवा ६००, काटा असलेला उभा पंप ८००, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि एलन की मिळून ७००, कुलूप ३००. एवढ्यात १८ हजार बसतात. हेल्मेट आणि दिवा "पुढच्या महिन्यात घेऊ" असं म्हणू नका. उद्यमबागेतून दुसऱ्या पाळीनंतर अंधारात परतायचं असेल तर मागचा लाल दिवा गिअरपेक्षा गरजेचा आहे.

दुकानात किमतीचं स्टिकर नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या करासकट १६,००० रुपयांची सायकल नव्या कराने बरोबर १५,००० रुपयांना पडायला हवी. जुना माल जुन्याच छापील किमतीने विकत असतील तर हा हिशोब समोर मांडा. बिल पक्कं घ्या आणि त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो सायकल उलटी केल्यावर पायडलच्या एक्सलच्या नळीखाली कोरलेला असतो.

आता माप. चूक सगळ्यात जास्त इथेच होते, कारण दुकानात शिल्लक असलेलं मापच "तुमचंच" म्हणून दिलं जातं. घरी अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा, पायांच्या मधे एक जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे माप साधारण ७६-७७ सेंटीमीटर भरेल. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर वरची नळी आणि तुमच्यात किमान ५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे उभं राहता त्या जागी नळी जमिनीपासून ७१-७२ सेंटीमीटरच्या वर नको. तुमच्यासाठी १६ किंवा १७ इंची फ्रेम बघा. १८ इंची फ्रेम "सीट खाली करून चालेल" म्हणून देतील. सीट खाली येईल, पण हँडल लांबच राहील आणि महिन्याभरात मान आणि मनगटं दुखायला लागतील.

सीटच्या उंचीचा हिशोबही याच मापावर आहे. मापाला ०.८८३ने गुणा. ७७ सेंटीमीटरला ६८ येतात. पायडलच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सीटच्या नळीच्या रेषेत ६८ सेंटीमीटर ठेवा, मग गरजेप्रमाणे थोडं खाली-वर करा. आपल्याकडे बहुतेक जण सीट इतकी खाली ठेवतात की गुडघा कधी सरळच होत नाही. गुडघेदुखीचं हे मोठं कारण आहे. सीटच्या नळीवर कमीत कमी किती आत हवी याची रेघ असते, तिच्या वर नळी काढू नका.

चाकांकडे वेळ काढून बघा. रिम दुहेरी भिंतीची हवी. एकेरी रिम पसरट, कमी खोलीची असते आणि एखाद्या खड्ड्यात बसली की कायमची वाकते. तारा ३६ असतील तर उत्तम, ३२ही चालतील, पण सगळ्या सारख्या ताणलेल्या हव्यात. दोन-दोन तारा चिमटीत दाबून बघा, एखादी ढिली लगेच कळेल. चाक फिरवून डिस्क आणि रिम किती आउट आहे, म्हणजे फिरताना किती लचकते, ते पाहा. लेथवरच्या माणसाला हे सांगायला नको. रिमला एक मिलिमीटरच्या आतला आउट चालेल, त्यापेक्षा जास्त असेल तर पैसे देण्याआधी काढून मागा.

हबबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. स्वस्त सायकलीला मागे सात दातेरी चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर आट्यांनी बसवलेला असतो. अशा हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात आणि एक्सलचं उजवं टोक आधाराशिवाय लांब उरतं. खड्ड्यात आपटताना सगळा भार त्या टोकावर येतो. म्हणून फ्रीव्हीलवाल्या सायकलींचे मागचे एक्सल वाकतात, तुटतात. दुसरा प्रकार कॅसेट, त्यात चकत्या हबवर सरकवून बसवलेल्या असतात. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे पार टोकाजवळ असतात आणि एक्सल टिकतो. ओळखायची खूण सोपी आहे. चेन बाजूला करून मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मध्यभागी पाना बसायची खाच बघा. खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, खाच जागीच राहिली तर फ्रीव्हील. तुमच्या बजेटात ८ स्पीड कॅसेटची सायकल मिळाली तर बाकी चार गोष्टींत तडजोड करून ती घ्या. नाही मिळाली तरी ६८ किलो वजनाला आणि तुमच्या वापराला चांगला फ्रीव्हील हब पुरेल. मात्र खड्ड्यावर सीटवर बसून आदळत जाऊ नका, दोन्ही पायडलवर उभे राहा.

२१ गिअर म्हणजे पुढच्या ३ आणि मागच्या ७ चकत्यांचा गुणाकार. त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. विचारायचं ते एवढंच : पुढची सगळ्यात लहान चकती किती दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी किती दात्यांची? साध्या सायकलीत बहुतेक वेळा पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दाते असतात. २७.५ इंची चाकाला २४/२८ वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.८६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी पावणेसात किलोमीटर वेग धरावा लागतो. खड्या चढावर तो धरवत नाही, मग उतरून ढकलणं आलं. मागे १४ ते ३४ दात्यांचा सात स्पीडचा फ्रीव्हील घातला तर तोच आकडा १.५३ मीटर होतो आणि ताशी साडेपाचला तुम्ही आरामात फिरवत राहता. शिमानो असा फ्रीव्हील बनवतो आणि तो महागही नाही. अट दोन गोष्टींची. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात्यांपर्यंत चालणारा हवा, आणि चेन बहुधा दोन-चार कड्यांनी लांब करावी लागते. नव्या सायकलीतच हा बदल दुकानात करून मागा, जुना फ्रीव्हील त्यांना परत देऊन फरक भरा.

पुढे एकच चकती असलेल्या सायकली आता या किमतीत मिळतात. त्या साध्या, देखभालीला सोप्या असतात. पण पुढे ३२ आणि मागे १४ ते ३४ असेल तर सगळ्यात हलका गिअर २ मीटरच्या आसपास आणि सगळ्यात जड ५ मीटरचा पडतो. म्हणजे चढावर जड आणि सपाट रस्त्यावर ताशी चोवीसच्या पुढे पाय नुसते फिरत राहणार. तुमच्या रोजच्या रस्त्यासाठी आणि गडासाठी तीन चकत्यांची सायकलच बरी.

मागचा डिरेलर ज्या छोट्या पत्र्यावर टांगलेला असतो तो हँगर फ्रेमला स्क्रूने बसवलेला आहे का, हे नक्की पाहा. सायकल उजवीकडे पडली की तोच वाकतो. तो फ्रेमचाच भाग असेल आणि तुटला तर अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम निकामी होते. वेगळा असेल तर शंभर-दोनशे रुपयांत काम भागतं. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो, दोन वर्षांनी शोधत फिराल तर सापडणार नाही. सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या.

ब्रेक. कोरड्या मुलखात रिमवर रबर दाबणारे साधे व्ही ब्रेक पुरतात, पण आपल्या पश्चिमेकडच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत ते रिम खातात. पावसात ती रेती ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि प्रत्येक वेळी रिम घासून काढते. म्हणून इथे डिस्कच घ्या. या किमतीत तारेवर चालणारी डिस्क मिळेल, तेलावरची नाही, आणि चांगली लावलेली तारेची डिस्क पुरेशी थांबवते. ब्रेकची पुढची-मागची चकती १६० मिलिमीटरची असावी. एक गोष्ट दुकानातच तपासा : त्या कॅलिपरचे (चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पॅड सुटे मिळतात का? नाव नसलेल्या कॅलिपरचे पॅड झिजले की अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. सायकलीबरोबरच पॅडची एक जोडी घेता आली तर घ्या.

तारेच्या डिस्कमध्ये बहुतेकदा एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. स्थिर पॅड चकतीपासून पाव मिलिमीटरवर आणून ठेवा. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा, तसंच धरून बोल्ट आवळा. नवे ब्रेक सुरुवातीला जेमतेम धरतात, म्हणून घाबरू नका. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा, चाक जाम होऊ देऊ नका. पॅड चकतीवर बसला की पकड येते. डिस्कला तेलाचा बोटही लागता कामा नये. लागलाच तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणि स्वच्छ फडकं. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलावेच लागतात.

पुढचा चिमटा, म्हणजे सस्पेन्शनचा फोर्क. या किमतीत मिळतो त्यात नुसती स्प्रिंग असते, तिचा उसळा आवरणारं तेल नसतं. त्यामुळे दगडगोट्यांच्या उतारावर तो दाबला जातो आणि तितक्याच झटक्यात परत उसळतो, चाक जमीन सोडतं. असा फोर्क अडीच किलोंच्या आसपास भरतो, साधा लोखंडी चिमटा त्याच्या निम्म्या वजनाचा असतो. साधा चिमटा आणि चांगली चाकं असलेली सायकल समोर आली तर बेलाशक घ्या. सस्पेन्शन घेणारच असाल तर ८० मिलिमीटर पुरे, लॉकचं बटण असलेला घ्या आणि ऑफिसच्या, कामाच्या रस्त्यावर लॉक करून ठेवा. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवा. फोर्कच्या नळ्यांत खडखड जाणवली तर ती सायकल नको. आणखी एक, खोक्यातून आलेली सायकल घाईत जोडताना फोर्क उलटा बसवलेला असतो, हे खूपदा दिसतं. दोन नळ्यांना जोडणारी कमान पुढच्या बाजूला हवी.

टायर २७.५ किंवा २९ इंची, रुंदी २.१. तुमच्या उंचीला २७.५ सोयीचं. दोन्ही आकारांच्या ट्यूब गावोगावच्या दुकानांत नसतात, खानापूरच्या पुढे जाताना तर जादा ट्यूब बरोबरच ठेवा. नक्षी मधोमध दाट आणि कडेला उठावदार असलेली घ्या, तुमचा बराच प्रवास डांबरावरचा आहे. हवा डांबरावर ४५, कच्च्या रस्त्यावर पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय. दुकानात "५०-६० भरली आहे" म्हणून सोडतात, आणि मग लोक फोर्कला दोष देतात. टायरमधली हवा बरोबर असली तर अर्धा धक्का तिथेच जिरतो.

सायकल घरी आल्यावर पहिल्या १०० किलोमीटरांत क्रँकचे (पायडल ज्यांवर बसतात त्या दांड्यांचे) बोल्ट दोनदा आवळा, विशेषतः डावा. स्वस्त सायकलीतला चौकोनी एक्सल आणि क्रँक सुरुवातीला एकमेकांत बसत जातात आणि बोल्ट सैल पडतो. सैल क्रँकवर एकदा चढ चढलात की चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळा, काही होत नाही, क्रँक नवीनच. टॉर्क रेंच कारखान्यात मिळेल, ३५ ते ४० न्यूटन मीटर ठेवा. हँडलचे बोल्ट मात्र ५ न्यूटन मीटरच्या वर नकोत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही लक्षात असू द्या. तीन-चार आठवड्यांनी गिअरच्या तारा ढिल्या पडून चेन दोन चकत्यांमध्ये खरडायला लागेल. दुकानाची मोफत सर्व्हिस त्या वेळी वापरा, पहिल्या आठवड्यात नाही.

पावसाळ्यात येळ्ळूर-वडगावच्या शिवारातली काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधे थापल्यासारखी भरते आणि चाक जाम होतं. तसंच रेटलं तर डिरेलर ओढला जाऊन हँगर तुटतो. थांबा, काडीने माती काढा, मग निघा. धुताना बादली आणि ब्रश. गाडी धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा पाइप हबवर मारला की पाणी आत शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. चेनला इंजिन ऑइल नको, ते धूळ धरून ठेवतं. डिझेलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, चेन ल्यूबचा एकेक थेंब प्रत्येक कडीला, आणि पाच मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका.

आता मित्राची सायकल. ९ हजारांत, माप बरोबर असेल तर ती नव्यापेक्षा चांगली ठरू शकते, पण तपासल्याशिवाय नको. हँडलच्या नळीला फ्रेम जुळते ती जागा आणि पायडलच्या एक्सलच्या नळीचे जोड उजेडात बघा. रंगाला केसासारखी रेघ असेल तर सोडून द्या. वेल्डिंग करून घेऊ म्हणू नका, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम साध्या वेल्डिंगनंतर त्या जागी कमजोरच राहते. मागचं चाक काढून एक्सल हाताने फिरवा, टोक गोल फिरतं की लंगडतं ते दिसेल. मग तुमची स्टीलची पट्टी काढा. पट्टीचा शून्य चेनच्या एका पिनच्या मध्यावर ठेवा, १२ इंचाची खूण तिथून चोविसाव्या पिनच्या मध्यावर यायला हवी. पिन १/१६ इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंचाने गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हील किंवा कॅसेटही गेली, आणि मित्राला तेवढे पैसे कमी करायला सांगा. फ्रेम नंबर बिलाशी जुळवून घ्या, मित्र असला तरी.

या सगळ्यातून ती पार पडली आणि मागे कॅसेट निघाली, तर तीच घ्या. उरलेल्या पैशांत चेन, तारा, पॅड, दोन टायर आणि वरचं सगळं सामान येऊनही शिल्लक राहील. फ्रीव्हील निघाला आणि एक्सल सरळ असला तर ७ हजारांपर्यंत घासाघीस करा. एक्सल वाकलेला किंवा माप १८ इंची असेल तर नवीच बरी.

जांबोटीला पहिल्यांदा जाताना डिसेंबर-जानेवारी बघा, पुढे कणकुंबीकडे पावसाळ्यात ऊन सापडत नाही आणि रस्त्याच्या कडा सुटतात. मुख्य रस्ता सोडून भीमगडच्या जंगलात शिरायचं असेल तर ते अभयारण्य आहे, आधी वनखात्याची परवानगी काढा.